रुजू

पत्र्याच्या शेडखाली कापसाचा बर्फ पसरलाय.
वेर्ण्याच्या पठारावर, दुपारी साडेतीनला,
तेहेतीस अंशांत.

मेल सगळ्यांना आली होती: आपण सारे एक परिवार.
तासाभराने एजन्सीची आली, एकाच ओळीची:
साडेतीननंतर कार्यक्रमाला गेलेल्यांचे तास हजेरीत धरू नयेत.

विश्राम गावस म्हणाला, नका धरू, मी जाणार.
बॉयलरसमोर वर्षभर उकडतो तो काय
कटलेट सोडायला?
त्याने डबा आणलाय, दोन कप्प्यांचा, पोरींसाठी.
हेमांगीने हिशेब केला. दोन तास म्हणजे तीन नारळ.
ती पॅकिंगलाच थांबली.
प्रज्योत गेल्या वर्षी गेला होता.
कुणीतरी विचारलं त्याला, 'तू आमच्यातला की एजन्सीचा?'
सहजच विचारलं, हसत, हातात केक होता.
यंदा त्याचा फोन बंद.

मी का गेले, सांगता येत नाही.
सकाळीच बरी साडी नेसून आले होते, तेच कारण असेल.
गळ्यातली पिवळी दोरी पदराखाली सरकवली.
मग वाटलं, हे काय करतेय मी,
आणि पुन्हा बाहेर काढली.

माझं वर्ष अकरा महिन्यांचं.
अकरा भरले की दोन दिवस घरी,
मग नवा कागद, जुनीच खुर्ची.
पहिल्यांदा मार्चात लागले. मग फेब्रुवारी. मग जानेवारी.
पंचांगात क्षयमास कधी पिढीतून एखादा येतो म्हणे,
माझ्याकडे दर खेपेला एक महिना गळतो.
असं सरकत सरकत
यंदा डिसेंबरच्या दोन तारखेला
मी पुन्हा नवी झाले.

म्हणून एचआरच्या मॅडमनी माइक हातात घेऊन
'नवीन रुजू झालेल्यांनी पुढे यावं' म्हटलं
तेव्हा यादीत तीन नावं निघाली.
कॉलेजातून थेट आलेली दोन पोरं, आणि मी.
समोर मयुरेश उभा होता,
ज्याला बॅचचं रेकॉर्ड कसं भरायचं ते मी शिकवलं,
ज्याची निळी दोरी आता दीड वर्षाची झाली.
तो टाळ्या वाजवत होता. मग थांबला.
मग पुन्हा वाजवू लागला, जरा हळू.

'कसं वाटतंय आमच्याकडे?'
'सवय होतेय,' मी म्हटलं.
सगळे हसले. मीही.
सांताने घंटी वाजवली आणि कप दिला,
पांढरा, त्यावर लाल अक्षरांत: स्वागत.

भिंतीशी जासिंता. करडा गणवेश,
हातात उष्ट्या बशांची चळत.
तिची ड्यूटी इथेच लावली होती, सहापर्यंत.
आम्हां पिवळ्यांमध्ये
त्या शेडखाली पगारी अशी ती एकटीच,
आणि सण तिचाच.

सव्वासहाची बस. खिडकीबाहेर
एकेका बाल्कनीत कागदी नक्षत्रं पेटत होती.
तिने पिशवीतून डबा काढला, नेवऱ्या, दोदोल.
'तिथलें न्हय हां, घरचें.'
विश्रामने मागून हात पुढे केला. त्याचा डबा भरलेला होता, तरी.
मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या कपावर गेली.

'तो कप म्हाका दी गो.
गोठ्याकडे नाचणी घालपाक जाय. करवंटी पोरान फोडली.'
'आता घालून नाताळापर्यंत रुजेल?'
'सात दिसांनी रुजता. उदक मात रोज घालूंक जाय.'

लोटलीला ती उतरली.
कप छातीशी धरून चालत गेली,
अक्षरं आतल्या बाजूला.

सण झाल्यावर त्या रोपांचं काय करतात,
ते विचारायचं राहिलं.
बस बोरीच्या पुलावर आली होती.